साप खात नाही: वाट बघावी, भक्ष्य बदलावं की डॉक्टर गाठावा?

नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत दर रविवारी साताऱ्याहून आईचा फोन यायचा. आम्हा सगळ्यांची चौकशी झाली की शेवटचा प्रश्न ठरलेला असायचा, "आणि तो जेवला का रे?"

तो म्हणजे आमचा लाडू. सहा वर्षांचा रॉयल पायथन, नर. आम्ही इंग्लंडमध्ये राहतो, इथे या जातीला रॉयल पायथन म्हणतात. अमेरिकेत तिचंच नाव बॉल पायथन, कारण घाबरली की डोकं आत घेऊन ती मुटकुळं करून बसते. लाडूचं नाव त्यावरूनच पडलं. त्याने 3 नोव्हेंबरला शेवटचा उंदीर खाल्ला आणि 21 मार्चपर्यंत कशालाही तोंड लावलं नाही. साडेचार महिने. ज्यांनी पहिल्यांदाच साप पाळलाय त्यांना हे वाचूनच धस्स होईल. मलाही झालं होतं.

अशा वेळी विचारायला गेलं की एक जण म्हणतो थांब, दुसरा म्हणतो जिवंत उंदीर सोड, तिसरा म्हणतो तोंड उघडून घाल आत. तिघंही अनुभवाचंच सांगत असतात, पण प्रत्येकाच्या डोळ्यांसमोरचा साप वेगळा असतो. म्हणून हे सगळे मार्ग शेजारी शेजारी ठेवून लिहितोय, म्हणजे काचेपुढे चिमट्यात उंदीर धरून उभं असलेल्या माणसाला आपला मार्ग निवडता येईल.

आधी वजनकाटा

कुठलाही मार्ग निवडण्याआधी सापाचं वजन हवं. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा, त्यावर झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, डब्याचं वजन शून्य केलं की साप आत. दर पंधरा दिवसांनी, त्याच काट्यावर. लाडूचं वजन 3 नोव्हेंबरच्या जेवणाआधी 1,180 ग्रॅम होतं आणि 21 मार्चला 1,112. म्हणजे 68 ग्रॅम उतरलं, सहा टक्क्यांच्याही आत. त्या वहीतल्या आकड्यांनी मला जेवढा धीर दिला तेवढा कुणाच्या सल्ल्याने दिला नाही.

सापाच्या उपाशी राहण्याकडे आपण आपल्या पोटाने बघतो, आणि तिथेच गफलत होते. आपण अन्नातली बरीचशी ऊर्जा अंग गरम ठेवण्यात खर्च करतो. सापाला तो खर्चच नाही. अमेरिकेतल्या अर्कान्सा विद्यापीठातला एक अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 62 साप जवळपास सहा महिने उपाशी ठेवले होते आणि त्यांत बॉल पायथनही होते. काही सापांनी शरीराचा ऊर्जेचा खर्च तब्बल 72 टक्क्यांपर्यंत खाली आणला. थोडक्यात, चुलीतली लाकडं मागे ओढून निखारा राखावा तसं त्यांचं शरीर वागतं.

पण हे मोठ्या, भरलेल्या सापाबद्दल. साठ-सत्तर ग्रॅमच्या पिल्लाकडे एवढी शिदोरी नसते. ढोबळ हिशेब असा: मोठा साप दहा टक्क्यांहून जास्त उतरला तर डॉक्टर. पिल्लाच्या बाबतीत मात्र दहा टक्क्यांची वाट बघायची नाही, लागोपाठ दोन वजनं उतरती दिसली की हालचाल करायची. आणि वजन जागेवर असलं तरी पाठीचा कणा छपराच्या आढ्यासारखा वर आला असेल, कातडीला उभ्या घड्या पडत असतील, तर काट्यावर नाही, डोळ्यांवर विश्वास ठेवायचा.

थांबणं आणि घर दुरुस्त करणं

हे दोन वेगळे मार्ग आहेत, पण लोक ते एकमेकांत मिसळतात. मीही मिसळले. डिसेंबरच्या एकाच आठवड्यात मी लाडूची लपायची जागा बदलली, खालचा भुसा बदलला, दिवा बदलला आणि रोज संध्याकाळी उंदीर दाखवला. आधीच बुजलेल्या जनावराचं घर मी रोज उसकटत होतो. त्यानंतर तो दहा दिवस बाहेरच आला नाही.

थांबणं कुणासाठी? वयात आलेला नर, हिवाळा, वजन स्थिर, अंग तुकतुकीत, रात्री पेटीभर हिंडतोय पण उंदीर दिसला की मान फिरवतोय, असं चित्र असेल तर थांबा. या जातीत थंडीचे महिने विणीचे असतात, आणि कित्येक नर त्या दिवसांत खाणंच सोडतात. पोटात अंडी असलेली मादीही खात नाही. कात यायच्या आधी डोळे दुधाळ निळसर होतात तेव्हाही बरेच साप खात नाहीत, पण ती आठवड्या-दोन आठवड्यांची गोष्ट. नवीन आणलेल्या सापाला तर पहिले सात ते दहा दिवस काही देऊच नये, हातही लावू नये.

थांबायचं म्हणजे विसरायचं नाही. पाणी रोज ताजं. वजन पंधरा दिवसांनी. उंदीर दाखवायचा तो दहा ते चौदा दिवसांतून एकदा, त्याहून जास्त नाही. रोज दाखवलेला उंदीर सापाला अन्न वाटत नाही, त्रास वाटतो.

घर दुरुस्त करणं मात्र सगळ्यांसाठी, आणि ते थांबण्याच्या आधी. रॉयल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला साप. घाना, टोगो, बेनिन इथल्या गवताळ भागात तो उंदरांच्या बिळांत आणि जुन्या वारुळांत दिवस काढतो. वारूळ म्हटलं की आपल्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही: आत काळोख, दमट ऊब, चारी बाजूंनी अंगाला टेकणारी भिंत. आपण काय देतो? चारी बाजूंनी काच, मध्ये एक मोठी गुहा आणि वरून दिवा. अशा जागी साप जगतो, पण तोंड उघडायचं धाडस करत नाही. खाताना तो पूर्ण असहाय असतो, तोंड भरलेलं आणि पळता येत नाही, त्यामुळे जागा सुरक्षित वाटल्याशिवाय तो सुरुवातच करत नाही.

तेव्हा दोन लपायच्या जागा, एक ऊबदार बाजूला, एक गार बाजूला, आणि दोन्ही इतक्या अरुंद की वेटोळं घातलं की अंग भिंतींना लागावं. पिल्लाला फुलझाडाची पालथी कुंडी बाजूला तोंड कापून दिली तरी चालते. काचेच्या तीन बाजूंना बाहेरून काळा कागद. ऊबदार टोकाला 31 ते 33 अंश, गार टोकाला 24 ते 27, हवेतला ओलावा 60 टक्क्यांच्या आसपास आणि कात येताना 70.

हे आकडे सगळ्यांना पाठ असतात, चूक असते ती मोजण्यात. आम्हाला साप विकणाऱ्या दुकानातून काचेला चिकटवायचा गोल काट्याचा तापमापक मिळाला होता. तो 31 दाखवायचा. पुढे मी वायरवाला डिजिटल तापमापक आणला आणि त्याचं टोक लाडू जिथे बसतो तिथे, भुशाच्या पातळीवर ठेवलं, तेव्हा तिथे 27 होते. इथे हिवाळ्यात रात्री घराची हीटिंग आपण कमी करतो, खोली सतरा-अठरावर येते आणि सापाच्या पेटीतलं तापमान गुपचूप उतरतं. ऊब नसेल तर पचन होत नाही, आणि पचणार नसेल तर साप खात नाही. त्याच्या परीने तो बरोबरच वागत असतो. थर्मोस्टॅटशिवाय हीट मॅट, म्हणजे ऊब देणारी विजेची चटई, कधीच लावू नका. तिने पोट भाजलेले साप मी पाहिले आहेत.

या दोनमध्ये निवड करायची तर: तापमान नीट मोजलेलं नसेल तोवर "थांबतोय" म्हणू नका. एकदा दुरुस्ती करा, एकाच दिवशी सगळी, आणि मग दोन आठवडे पेटीला हात लावू नका.

छोटा उंदीर, मोठा उंदीर की आफ्रिकी उंदीर

मराठीत आपण दोघांनाही उंदीर म्हणतो, इथे मात्र छोटा तो माउस आणि मोठा तो रॅट, हा फरक सापाच्या दृष्टीने मोठा आहे. वास वेगळा, केस वेगळे. लहानपणी ज्याने फक्त माउस खाल्लाय त्याला रॅट हे अन्न आहे हेच कळत नाही.

माउसच्या बाजूने: पिल्लं तो पटकन घेतात, लहान सापाला आकार नेमका बसतो. विरुद्ध बाजूने: पूर्ण वाढलेला माउस पंचवीस-तीस ग्रॅमचा. माझ्या सापासारख्याला एका जेवणाला दोन-तीन लागतात, आणि पहिला खाऊन दुसऱ्याला नाही म्हणाला तर तुम्ही तिथेच अडकता. रॅट एकच पुरतो, खर्च कमी, फ्रीझरमधली जागाही कमी. आकाराचा अंदाज असा: वाढत्या वयात सापाच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के, मोठ्याला 5 ते 7 टक्के, आणि कुठल्याही वयात सापाच्या सर्वांत जाड भागाहून फार जाड नको. खूप लोक मोठ्या रॉयलला गरजेपेक्षा बरंच मोठं भक्ष्य देतात. तो भरपूर खाऊन महिनोन् महिने बंद होतो, आणि आपल्याला वाटतं रुसला. तो रुसलेला नसतो, त्याचं पोट भरलेलं असतं.

तिसरा पर्याय मल्टीमॅमेट उंदीर, म्हणजे आफ्रिकेतला तिथल्या शेतांतला, घरांतला उंदीर. रॉयलचं जंगलातलं खरं भक्ष्य यात मोडतं. हट्टी साप याच्या वासाला बधतात हे मी दुसऱ्यांच्या घरी दोनदा पाहिलंय. पण दर वेळी मिळत नाही, महाग पडतो, आणि काही साप नंतर दुसरं काही घ्यायलाच तयार होत नाहीत. म्हणून मी त्याला किल्ली समजतो, जेवण नाही. एकदा-दोनदा द्यायचा, मग त्याच्या शेजारी गोठवलेला रॅट ठेवून वितळवायचा म्हणजे वास लागतो, मग नुसता रॅट. जर्बिल हा उंदरासारखाच छोटा प्राणी, त्याच्या वापरलेल्या भुशात रॅट घोळवूनही हेच काम होतं, आणि पाळीव जर्बिल कुणाकडे तरी असतंच.

माझं मत: साप माउस खात असेल आणि वजन वाढत असेल तर त्याला रॅटवर नेण्याची घाई करू नका. आयुष्यभर माउसवर राहिलेले रॉयल ठणठणीत असतात. न खाणाऱ्या सापाला मात्र आधी तो लहानपणी जे खायचा तेच द्या. विकणाऱ्याला विचारा: माउस की रॅट, वितळवलेला की जिवंत, कोणत्या वेळी, चिमट्याने की नुसता ठेवून. खाणं अडलं की पहिला फोन विकणाऱ्याला करावा, आणि साप घेतानाच ही चार उत्तरं वहीत लिहून घ्यावीत.

वितळवलेला की जिवंत

इथे मी अजिबात मधलं बोलणार नाही. जिवंत देऊ नका.

जिवंत उंदराची हालचाल आणि ऊब सापाला उठवते, हे खरं. त्याने कधी कधी अडलेलं खाणं सुरूही होतं. पण न खाणाऱ्या सापापुढे जिवंत रॅट सोडला आणि साप खाल्ल्याशिवाय बसून राहिला, तर भूक लागते ती रॅटला. तो सापाची पाठ कुरतडतो, आणि साप कित्येकदा प्रतिकारही करत नाही. कणा उघडा पडेपर्यंत कुरतडलेले साप डॉक्टरांकडे येतात. शिवाय इंग्लंड आणि वेल्सच्या 2006 च्या प्राणी कल्याण कायद्याने ताब्यातल्या पृष्ठवंशी प्राण्याला विनाकारण यातना देणं हा गुन्हा आहे, आणि पिंजऱ्यातला उंदीरही त्यात येतो. कायदा बाजूला ठेवला तरी उंदरालाही जीव आहे.

ताजा मारलेला हा मधला मार्ग. वास आणि ऊब दोन्ही मिळतं, चावायचा धोका नाही. पण मारणारा माणूस त्यात कुशल हवा, आणि घरोघरी ते जमत नाही.

राहिला गोठवून वितळवलेला. तो नाकारला जातो तेव्हा दहापैकी निम्म्या वेळा, माझ्या अनुभवात तरी, दोष तो गरम करण्यात असतो. पायथनच्या ओठांवर खळग्यांची रांग असते, त्यांतून त्याला ऊब दिसते. हो, दिसते म्हणणंच योग्य, कारण काळोखात त्याच्या दृष्टीने उंदीर म्हणजे गार पार्श्वभूमीवरचा एक गरम ठिपका. खोलीच्या तापमानाचा उंदीर म्हणजे त्याला भुशाचाच भाग.

21 मार्चला मी काय केलं ते नेमकं सांगतो. आदल्या रात्री 70 ग्रॅमचा रॅट फ्रीझरमधून काढून फ्रीजमध्ये खाली ठेवला. संध्याकाळी सात वाजता झिपच्या पिशवीत घालून नळाच्या गरम पाण्यात अर्धा तास, पाणी दोनदा बदलून. उकळतं पाणी नाही, त्याने पोट फुटतं, आणि मायक्रोवेव्ह तर कधीच नाही. पोट दाबून आत बर्फाचा गोळा उरला नाही ना ते पाहिलं. मग हेअर ड्रायरने केस कोरडे केले, कारण ओला उंदीर त्याला कधीच आवडलेला नाही, आणि शेवटी फक्त डोक्यावर ड्रायर धरला. बंदुकीसारख्या इन्फ्रारेड तापमापकाने डोकं 39 अंश भरलं. खोलीतला दिवा बंद, बोळातला चालू. लांब चिमट्याने कमरेला धरून रॅटचं तोंड त्याच्या गुहेच्या दाराशी नेलं, नाकासमोर नाही, वीतभर लांब, आणि उंदीर चालताना थबकतो तसं थोडं हलवून थांबवलं.

आधी जीभ दिसली. नोव्हेंबरपासून तीच जीभ भराभर आत-बाहेर व्हायची आणि मग मान मागे जायची. या वेळी जिभेचा वेग कमी झाला. एकेक फटका सावकाश, जवळजवळ मोजून. मान इंग्रजी एस अक्षरासारखी वळली आणि तशीच राहिली. मी श्वास रोखून उभा. मनगट दुखायला लागलं तरी हललो नाही. मग काही दिसलंच नाही, फक्त चिमट्याला हिसका बसला आणि रॅटभोवती अडीच वेढे पडलेले होते. मी चिमटा सोडला, पाऊल न वाजवता बाहेर आलो आणि दार लोटून घेतलं. भारतात तेव्हा पहाटेचा दीड वाजला होता, म्हणून आईला फोन दुसऱ्या दिवशी केला.

चिमट्याला बिथरणारे लाजरे साप असतात. त्यांच्यासाठी गरम केलेला उंदीर गुहेच्या दाराशी सपाट फरशीच्या तुकड्यावर ठेवा, पेटीवर चादर टाका आणि सकाळी बघा. उरलाच तर फेकून द्या, पुन्हा गोठवू नका.

वासाच्या युक्त्या: हॉगनोज आणि कॉर्न स्नेकची पिल्लं

रॉयलला सोडून दुसरा साप असेल तर हिशेब बदलतो. अमेरिकेतल्या माळरानावरचा वेस्टर्न हॉगनोज मुख्यतः बेडूक खाणारा. त्याच्या पिल्लाला उंदराचं पिल्लू म्हणजे ओळख नसलेली वस्तू. त्यामुळे त्याला पिंकी, म्हणजे केस न आलेलं उंदराचं पिल्लू, डबाबंद ट्यूना किंवा सामन माशाच्या पाण्यात बुडवून देतात, आणि ते बऱ्याचदा चालतं. बिनखारं पाणी घ्या, आणि तीन-चार जेवणांनंतर वास हळूहळू कमी करत न्या.

कॉर्न स्नेक हाही अमेरिकेतलाच साप. त्याची पिल्लं जन्मतः सहा-सात ग्रॅमची, पेन्सिलीहून बारीक. जंगलात ती सरडे आणि झाडावरचे बेडूक खातात. यांना आधी पिंकी गंधहीन साबणाने धुऊन द्यायची, म्हणजे पिंजऱ्याचा वास जातो. नाही जमलं तर पाळीव सरड्याच्या टाकलेल्या कातेत गुंडाळून. तेही नाही तर पिंकीच्या डोक्याला सुईने भोक पाडून, म्हणजे आतला वास बाहेर येतो. ऐकायला किळसवाणं आहे, पण सगळ्यांत जास्त उपयोगी पडणाऱ्या उपायांपैकी हा एक आहे. भोकं पाडलेल्या छोट्या डब्यात पिल्लू आणि पिंकी एकत्र ठेवून डबा रात्रभर ऊबदार, अंधाऱ्या जागी ठेवायचा. मोठ्या पेटीत हरवलेल्या पिल्लाला त्या डब्यात अन्न शोधावं लागत नाही, ते सापडतंच.

बागेतला बेडूक किंवा सरडा पकडून आणू नका. त्याच्याबरोबर जंत येतात.

दोन्हींची तुलना करायची तर रॉयलच्या बाबतीत मी वासाच्या युक्त्या शेवटी ठेवीन, आधी ऊब आणि आडोसा. हॉगनोज आणि कॉर्नच्या पिल्लांत उलटं: तापमान बरोबर असेल तर वासाकडे लगेच वळा, कारण त्यांच्याकडे वेळ थोडा. पहिली कात टाकून तीन-चार आठवडे उलटले आणि एकही घास नाही, तर घरच्या प्रयोगांवर थांबायचं नाही. आणि ज्यांनी अजून पिल्लू घेतलेलं नाही त्यांनी हा प्रश्न मुळातच टाळावा: स्वतःहून सलग पाच जेवणं झालेलं पिल्लूच घ्या, आणि शक्य असेल तर खाताना बघून घ्या.

तोंड उघडून भरवणं आणि डॉक्टर

भरवण्याचे तीन प्रकार आहेत आणि लोक तिघांना एकच नाव देतात. पहिल्यात पिंकीचं डोकं पिल्लाच्या दातांमागे हलकेच अडकवून त्याला खाली ठेवतात, गिळायचं ते त्याचं तोच गिळतो. दुसऱ्यात अख्खं भक्ष्य घशाखाली ढकलतात. तिसऱ्यात नळीने पातळ अन्न पोटात सोडतात.

पहिला प्रकार अनुभवी पाळणारा पिल्लाच्या बाबतीत करू शकतो, तुम्ही आधी कुणाशेजारी उभं राहून शिका. दुसरा घरी कुणीही करू नये. सापाची श्वासनलिका तोंडात पुढेच, जिभेच्या वर उघडते, अन्न तिकडे गेलं की फुफ्फुसात. घसा फाटतो, दात तुटून हिरड्या सडतात, आणि एवढं होऊन बुजलेला साप बऱ्याचदा सगळं उलटून टाकतो. तिसरा प्रकार डॉक्टरांचा. फार दिवस उपाशी राहिलेल्या जनावराला एकदम भरपूर अन्न दिलं तर रक्तातले क्षार बिघडून ते दगावू शकतं, म्हणून किती आणि कशानंतर किती हे त्यांनाच ठरवू द्या.

सापांचा अनुभव असलेला डॉक्टर शोधायला वेळ लागतो, तेव्हा साप निरोगी असतानाच शोधून ठेवा. वाट न बघता जायची लक्षणं: श्वासाला शिट्टीसारखा आवाज, नाका-तोंडाशी बुडबुडे, तोंड उघडं ठेवून बसणं, हिरड्यांवर चीजसारखा पिवळा थर, खाल्लेलं पुन्हा पुन्हा उलटणं, पोटाच्या मध्यावर सूज, मान वाकडी धरून तारे बघत बसल्यासारखं डोकं वर करणं, खवल्यांच्या फटीत किंवा पाण्याच्या भांड्यात खसखशीएवढे काळे किडे. आफ्रिकेतून आयात झालेला साप असेल तर विष्ठेची तपासणी पहिल्याच महिन्यात. जाताना वजनाची वही, तापमानाचे आकडे आणि ताजी विष्ठा डबीत. या तीन गोष्टी असतील तर डॉक्टरांचं अर्धं काम होतं.

डॉक्टरांकडे गेल्याने हार मानली असं होत नाही. लाडूला मी फेब्रुवारीत नेलं होतं. तोंड, फुफ्फुस, विष्ठा सगळं स्वच्छ निघालं आणि वही बघून डॉक्टर म्हणाल्या, "मार्चअखेरपर्यंत थांबू या." तेच थांबणं, पण त्यानंतर मला रात्री झोप लागायला लागली.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी

आईने सुरुवातीला विचारलं होतं, "दूध देऊन बघितलंस का?" नागपंचमी बघत मोठ्या झालेल्या कुणाच्याही मनात हे येणारच. साप दूध पचवू शकत नाही. गारुडी नागाला दिवसेंदिवस पाण्याविना ठेवतो, मग तो समोर येईल ते ओलं पितो, दूधही, आणि त्याने आजारी पडतो. आईला हे सांगितल्यावर ती बराच वेळ गप्प होती. म्हणाली, "म्हणजे आपण इतकी वर्षं त्याला पाणी द्यायला हवं होतं."

दुसरी गोष्ट कायद्याची. नाग, धामण, अजगर, दिवड, आपल्याकडचा कुठलाही रानातला साप घरात ठेवणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. विहिरीतून वाचवलेला साप खात नाही म्हणून कुणी सल्ला विचारला तर उत्तर एकच, वनखातं किंवा वनखात्याकडे नोंदणी असलेला सर्पमित्र, आजच्या आज. बॉल पायथन परदेशी असला तरी आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रित यादीत आहे, आणि याच कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीनंतर असे प्राणी बाळगणाऱ्यांना केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. कागद नसलेला साप आजारी पडला की डॉक्टरकडे न्यायलाही माणूस कचरतो, आणि मग घरच्या घरी भरवण्याचे उद्योग सुरू होतात. पुण्या-मुंबईत ऊब फारशी अडत नाही, पण डिसेंबरच्या रात्री आणि एसीची खोली या दोन्हींकडे लक्ष ठेवा. पावसाळ्यात ओलावा 90 टक्क्यांवर जातो, तेव्हा पेटीत हवा खेळती नसेल तर श्वसनाचा आजार ठेवलेलाच.

पहिल्या घासानंतर

खाणं सुरू झालं की आनंदाच्या भरात लोक तीन दिवसांनी पुन्हा उंदीर घेऊन उभे राहतात. थांबा. उपवासात आतडी आक्रसलेली असतात, पचनाची यंत्रणा पुन्हा उभी राहायला वेळ लागतो. पहिलं जेवण नेहमीपेक्षा लहान, दुसरं दहा दिवसांनी, तेवढंच. खाल्ल्यावर 48 तास हात लावायचा नाही, पाहुण्यांना दाखवायलाही नाही. उलटलं तर निदान दोन आठवडे काही द्यायचं नाही, आणि पुढचं भक्ष्य निम्म्या आकाराचं. उलटी दुसऱ्यांदा झाली तर डॉक्टर.

ही जात दीर्घायुषी आहे. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयातल्या एका बॉल पायथन मादीने 2020 मध्ये, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, सात अंडी घातली होती. लाडू सहा वर्षांचा आहे. त्याचे असे कित्येक हिवाळे अजून यायचेत. वहीत 1 एप्रिलला 1,171 ग्रॅम अशी नोंद आहे, आणि शेजारी, "दुसरा रॅट, 65 ग्रॅम, दोन मिनिटांत घेतला."